घोड्याच्या जागी सायकल : 'मालेगाव के शोले' आणि विडंबनाचा पत्ता

मालेगावला रेल्वेस्थानक नाही. रेल्वे धरायची तर मनमाड गाठावे लागते. मनमाड ते इंदूर या नियोजित मार्गावर मालेगाव येईल अशी आशा दीर्घकाळ बाळगली गेली, आणि त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. चित्रपटाविषयीच्या लेखाच्या आरंभी हा तपशील अस्थानी वाटेल. परंतु २००० साली नासिर शेख या तरुणाने आपल्या गावात 'शोले' करायचे ठरवले, तेव्हा त्याच्यापुढची पहिली अडचण नेमकी हीच असणार. 'शोले' सुरू होतो तो स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीने. आणि त्यातला पहिला मोठा थरार आहे तो धावत्या मालगाडीवर घोडेस्वार डाकूंनी घातलेल्या दरोड्याचा. मालेगावच्या 'शोले'त गाडीच्या जागी बस आली आणि डाकूंच्या बुडाखाली घोड्यांऐवजी सायकली आल्या.

हा फेरबदल नेहमी काटकसरीचा नमुना म्हणून सांगितला जातो. चित्रपटाचा एकूण खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास होता, असे नासिरच्या मुलाखतींतून आलेले आहे; तेव्हा काटकसर होतीच. पण काटकसरीने सगळा उलगडा होत नाही. पैसे असते तरी मालेगावात आगगाडी कोठून आणायची? दरोडा घालायचाच झाला तर या गावात तो बसवरच घालावा लागेल, आणि दरोडेखोर यंत्रमागावर काम करणारे असतील तर ते सायकलीवरूनच येतील. दृश्य हास्यास्पद आहे, यात शंका नाही. ते भौगोलिकदृष्ट्या अचूकही आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे आणि 'विडंबन' या आपल्या परिचित संज्ञेत ते सहजासहजी मावत नाही.

मराठीत विडंबन म्हटले की प्रथम आठवतात ती आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले'. १९२५ साली 'केशवकुमार' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या संग्रहाचे लक्ष्य होते ते तत्कालीन कविता, विशेषतः रविकिरण मंडळाच्या वळणाची कविता. तिथे वार मूळ संहितेवर आहे. मूळ कवितेतील ढब, तिचे हळवेपण, तिची ठरीव शब्दकळा अतिशयोक्त करून दाखवली की वाचक हसतो आणि पुन्हा तशी कविता वाचताना सावध होतो. काळाने या व्यवहारावर एक गंमत केली. त्यातील कित्येक मूळ कविता आज केवळ अभ्यासकांच्या स्मरणात उरल्या आहेत. विडंबने मात्र पदवीच्या वर्गातही हशा मिळवतात. ज्याची थट्टा केली तो विस्मरणात गेला आणि थट्टा शिल्लक राहिली. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ पॅरडी' या १९८५ सालच्या ग्रंथात विडंबनाला केवळ टवाळीच्या कक्षेतून बाहेर काढले आणि विडंबन ज्याला मोडते त्याला टिकवतेही, हे त्याचे दुहेरीपण पुढे आणले. अत्रे यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले आहे.

मालेगावच्या 'शोले'ला मात्र 'शोले'वर वार करायचाच नाही. जो चित्रपट तोंडपाठ आहे, ज्याच्यावर जीव आहे, त्याची थट्टा करून त्याला खाली आणण्याचे प्रयोजनच तेथे संभवत नाही. मग हशा कशावर आहे? रामगड आणि मालेगाव यांच्यामधील अंतरावर. ते अंतर मोजण्यासाठी 'शोले' ही फूटपट्टी म्हणून वापरली गेली आहे, आणि मोजले गेले आहे ते मालेगाव.

रामगड हे गाव कोठे आहे, हा प्रश्न 'शोले' पाहताना कोणी विचारत नाही. चित्रीकरण झाले कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत. पण पडद्यावरच्या रामगडला जिल्हा नाही, तालुका नाही. त्या गावात वीज नाही आणि तरीही उंच पाण्याची टाकी आहे, ही विसंगती प्रेक्षकांनी कधीच हेरली आहे आणि तिच्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. टाकी हवी होती ती वीरूला वर चढून दंगा करता यावा म्हणून. वेस्टर्न या चित्रपटप्रकाराचा हा धर्मच आहे. त्याला माळ हवा, क्षितिज हवे, आणि माणसांची वस्ती जेमतेम हवी, म्हणजे न्याय-अन्यायाचा निवाडा दोन-चार माणसांच्या बंदुकांत होऊ शकतो. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' (१९५४), त्यावरून हॉलिवूडने केलेला 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०), सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) आणि मग रमेश सिप्पी व सलीम-जावेद यांचा 'शोले' (१९७५) अशी ही मालिका जपान, अमेरिका, इटली आणि भारत अशी हिंडली, ती या निर्जन माळाच्या आधारे. कोठलाही पत्ता नसल्यामुळे तो माळ कोठेही नेता येतो. 'मूळ' म्हणून ज्याचे नाव घ्यावे तो 'शोले' स्वतःच अशा अनेक स्मरणांचा साठा आहे. त्यातील असरानीचा तुरुंगाधिकारी तर चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मधून (१९४०) सरळ चालत आलेला आहे. नक्कल, अनुकरण, रूपांतर या शब्दांची उतरंड लावताना हे विसरले जाते.

मालेगाव म्हणजे या माळाच्या अगदी उलट. मोसम नदीने दुभागलेले, दाट वस्तीचे, मागांच्या खडखडाटाने भरलेले हे गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी येथे हातमाग बसवले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारीच नवे चित्रपट लागतात. तेव्हा सुट्टी, नमाज आणि सिनेमा हे तिन्ही एकाच दिवसात बसतात. येथील प्रेक्षक चित्रपट गप्प बसून पाहतो असे कोणी म्हणणार नाही. २०२३ साली 'टायगर ३'च्या खेळात येथील चित्रपटगृहात प्रेक्षकांनी फटाके उडवले आणि ती बातमी देशभर गेली. बातमी देणाऱ्यांना तो बेशिस्तीचा मासला वाटला, आणि बंदिस्त जागेत फटाके उडवणे धोक्याचे आहे यात वादच नाही. पण पडद्यासमोर बसणे म्हणजे पडद्यात सामील होणे, ही येथली समजूत त्या घटनेतही ओळखू येते.

या गावात नासिरच्या घरचे व्हिडिओगृह होते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्या मागोमाग व्हीसीआर आले, आणि आठ-दहा वर्षांत लहान गावांतून एका खोलीत तिकीट लावून कॅसेट दाखवण्याचा धंदा उभा राहिला. कायद्याचे लक्ष त्याच्याकडे वेळीच गेले होते. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ-चित्रफितींचा स्पष्ट समावेश झाला आणि शिक्षाही वाढल्या. नासिरच्या खोलीत हिंदी चित्रपटांबरोबर चॅप्लिन होता, बस्टर कीटन होता, मारामारीचे इंग्रजी पट होते. भाषा न समजणारा प्रेक्षक कंटाळू नये म्हणून तो दोन व्हीसीआर जोडून चित्रपटांची काटछाट करी. संथ भाग गाळायचा, एका चित्रपटातला तुकडा दुसऱ्याला जोडायचा. संकलनाचे शिक्षण त्याने घेतले ते असे, एका यंत्रावर कळ दाबून आणि दुसऱ्यावर सोडून. पुढे चोरट्या प्रतींवरून पोलिसांची कारवाई झाली आणि दुसऱ्याचे चित्रपट दाखवणे अवघड झाले, तेव्हा आपलाच चित्रपट काढू म्हणजे कोणाची हरकत राहणार नाही, या विचारातून 'मालेगाव के शोले' निघाला. दुसऱ्याचे काही वापरायचे नाही असे ठरवल्यावर हाती घेतला तो मात्र 'शोले'. या विसंगतीला हसण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. नासिरच्या दृष्टीने कॅसेट ही सिप्पींची होती. 'शोले' हा सगळ्यांचा होता.

ही भावना आकाशातून पडलेली नाही. 'शोले'तील संवादांची ध्वनिमुद्रिका पॉलिडॉर कंपनीने काढली होती आणि ती गाण्यांच्या मुद्रिकेसारखी मांडवांतून, पानाच्या ठेल्यांवरून, उपाहारगृहांतून वाजत असे. चित्रावाचून चित्रपट ऐकणारी एक पिढीच त्यातून तयार झाली. मग आली कॅसेट. 'शोले' प्रदर्शित झाला तो सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी. असा चित्रपट दूरचित्रवाणीच्या चौकोनी काचेवर बसवायचा म्हणजे एकतर वर-खाली काळे पट्टे सोडावे लागतात किंवा दोन्ही बाजू कापाव्या लागतात. कसेही केले तरी जाते ते क्षितिज. खडक लहान होतात, घोडे पुसट होतात, माळ आक्रसतो. उरतात चेहरे आणि शब्द. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय नाहीसे होते, असे १९३५-३६ च्या सुमारास मांडले, ते चित्रपटाच्या बाजूने बोलत होते. चित्रपटाचेही पुनरुत्पादन होऊन तो चौदा-वीस इंचांच्या पेटीत उतरेल, थांबवता येईल, मागे नेता येईल, ही अवस्था त्यांच्यासमोर नव्हती. त्या पेटीतला 'शोले' हा जवळजवळ वेस्टर्न उरलेला नाही. तो चेहऱ्यांचा आणि संवादांचा खेळ झालेला आहे, आणि असा खेळ कोणत्याही गल्लीत मांडता येतो. मिनर्व्हा चित्रपटगृहाच्या पडद्याशी मालेगावची कधीच बरोबरी झाली नसती. कॅसेटमधल्या 'शोले'शी ती होऊ शकली. व्हिडिओने मालेगावपर्यंत 'शोले' आणला एवढेच म्हणणे अपुरे आहे. त्याने 'शोले'ला मालेगावच्या मापाचे केले. नासिरचा चित्रपटही व्हीएचएसवरच चित्रित झाला, व्हिडिओगृहातच दाखवला गेला आणि गावात दोनेक महिने चालला. तेव्हा त्याला 'होम व्हिडिओवर प्रदर्शित झालेला' म्हणताना दुय्यमपणाची जी छटा येते ती येथे गैरलागू आहे. त्याला दुसरे माध्यम नव्हतेच.

हॉलिवूडने स्वतःच्या वेस्टर्नची थट्टा केली ती 'शोले'च्या एक वर्ष आधी, मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये (१९७४). त्यातला शेवट या चर्चेत उपयोगी आहे. गावातली हाणामारी ऐन रंगात असताना कॅमेरा मागे मागे जातो आणि दिसतो तो स्टुडिओचा आवार; मारामारी शेजारच्या संगीतिकेच्या सेटवर घुसते; नायक चित्रपटगृहात जाऊन आपल्याच चित्रपटाचा शेवट पाहतात; आणि सर्वांत शेवटी घोड्यावरून उतरून लांबलचक मोटारीत बसून निघून जातात. माळ हा रंगवलेला पडदा आहे, असे त्या विडंबनाला सांगायचे होते आणि ते सांगायला स्टुडिओ हाताशी लागतो. कृष्णवर्णीय शेरीफला गोऱ्या गावात पाठवून ब्रुक्स अमेरिकन वंशद्वेषालाही चिमटा घेतो, हे त्याचे मोल कमी नाही. पण उघडकीला आणायचे ते खोटेपण. मालेगावकडे खोटे ठरवायला सेटच नव्हता. जे दिसते ते शेत, ती गल्ली, तो रस्ता, तो शेजारी. तिथे घोड्याच्या जागी मोटार आली आणि नटमंडळी निघून गेली. येथे घोड्याच्या जागी सायकल आली, आणि चित्रीकरण आटोपल्यावर तीच सायकल घेऊन माणूस पाळीवर गेला असेल.

मराठी परंपरेत यासारखे काही शोधायचे तर 'झेंडूची फुले' सोडून तमाशाच्या गवळणीकडे वळावे लागते. तेथे कृष्ण आहे, गौळणी आहेत, मथुरेचा बाजार आहे. पण मावशी बोलते ती आपल्या गावची भाषा आणि पेंद्या अडवतो तो वाटही आपल्याच शिवारातली. गवळणीत कृष्णकथेची थट्टा होते का? होते, आणि होत नाही. देव ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांनाच अशी सलगी परवडते. मथुरा फलटणच्या किंवा संगमनेरच्या वाटेवर येते यात मथुरेचा अपमान नसतो आणि वाटेचा गौरवही नसतो. दोन्ही एकमेकांशेजारी उभी राहतात आणि त्या शेजारामुळे हसू येते. नासिरचा 'शोले' या जातीचा आहे. त्यातील माणसे बोलतात ती मालेगावची उर्दू-हिंदी. खानदेशी वळणांची, दख्खनी हेलांची. मूळ नटांशी साम्य असलेली माणसे गावातूनच हुडकलेली. प्रतिरूपी नटांचा हा धंदा मुंबईनेही केलेला होता. 'रामगढ के शोले' (१९९१) या चित्रपटात प्रसिद्ध नटांची प्रतिरूपे गोळा केली होती आणि गब्बर म्हणून साक्षात अमजद खान होता. पण तेथे सारखेपणा हाच माल होता. मालेगावात आनंद आहे तो सारखेपणा जिथे संपतो त्या ठिकाणी, म्हणजे हा अमक्या गल्लीतला अमका आहे हे ओळखण्यात.

या ठिकाणी बाख्तिनचे नाव येणे अपरिहार्य. कार्निव्हलमध्ये रंगमंच आणि प्रेक्षागार अशी फाळणी नसते, लोक तो पाहत नाहीत तर त्यात जगतात, हा त्यांचा विचार शुक्रवारच्या त्या खोलीला चपखल बसतो. मात्र बाख्तिनचे नाव घेतले की विचाराचे काम संपले, अशी जी सवय आपल्या परिसंवादांना लागली आहे तिच्यापासून येथे सावध राहावे. मालेगावच्या या हास्यात निम्मे गाव नाही. चित्रपटात काम करायला गावातील स्त्रिया मिळत नाहीत. नट्या बाहेरून आणाव्या लागतात. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनाही 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळाली नव्हती आणि अण्णा साळुंके यांना ती भूमिका करावी लागली. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच झाले. गवळणीतील मावशीही पुरुषच करतो. तेव्हा ही उणीव मालेगावची म्हणून वेगळी काढणे अन्यायाचे होईल. पण उणीव आहे आणि समूहाच्या हास्याविषयी बोलताना समूह कोणाचा, हे विचारलेच पाहिजे.

फाळके यांचे नाव आले ते केवळ या साम्यापुरते नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थाने 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपला कारखाना नाशिकला हलवला आणि १९१८ साली तेथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनात राम-कृष्णांच्या मूर्ती उभ्या राहू लागल्या, हे त्यांनी स्वतः 'नवयुग'मध्ये लिहून ठेवले आहे. परक्याचा पडदा पाहायचा आणि त्याच्यावर आपले कोणी कधी दिसेल अशी तळमळ लागायची, ही कृती नासिरच्या कृतीची थोरली बहीण शोभते. फरक एवढा की फाळके यांनी पडदा घेतला आणि कथा आपली घातली. नासिरने कथा जशीच्या तशी ठेवली आणि गाव आपले घातले. त्याच नाशिकात गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'ची (१९३४) पटकथा लिहिणारे आणि तीत लक्ष्मणाची भूमिका करणारे वि. वा. शिरवाडकर पुढे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' (१९५४) करतात, आणि त्याला रूपांतर असे प्रतिष्ठित नाव मिळते. ते मिळायलाच हवे. शिरवाडकर आणि नासिर यांना एका तागडीत तोलण्याचा हेतू नाही; भाषेवरील शिरवाडकरांची सत्ता ही वेगळी गोष्ट आहे. प्रश्न नावांचा आहे. परकी संहिता आपल्या मातीत रोवण्याच्या एकाच व्यवहाराला एका ठिकाणी रूपांतर आणि दुसऱ्या ठिकाणी नक्कल, एका ठिकाणी निर्मिती आणि दुसऱ्या ठिकाणी जुगाड असे म्हणताना आपण संहितेकडे पाहून ठरवतो की कर्त्याच्या शिक्षणाकडे, भाषेकडे आणि मोहल्ल्याकडे पाहून? देशीवादाच्या चर्चेत नाशिक, धुळे, जळगाव या पट्ट्याने मराठी समीक्षेला बरेच काही दिले. त्या चर्चेच्या नकाशावर मालेगाव मात्र क्वचितच आढळते. तेथे उर्दू बोलतात, हे कारण पुरेसे आहे काय?

इतरत्र मात्र मालेगाव नकाशावर ठळक होते. २००१ ची दंगल, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट. 'संवेदनशील' हे विशेषण या गावाच्या नावाला इतके चिकटले की तेथील माणसे हसतही असतील, हे बाहेरच्यांना नवल वाटू लागले. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट याच काळातला, २००८ चा. 'शोले'नंतर नासिरने हाती घेतलेल्या 'मालेगाव का सुपरमॅन'चे चित्रीकरण त्यात टिपले आहे. यंत्रमागावर काम करणारा काटकुळा शफीक निळ्या-लाल पोशाखात सुपरमॅन झाला आहे, बैलगाडीची क्रेन आणि सायकलीची ट्रॉली झाली आहे, कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम थांबते. अनुबोधपट सहृदय आहे. लेखक फरोग जाफरी यांची खंत, नासिरची चिकाटी, कामावरून सुटून चित्रीकरणाला येणाऱ्यांचा थकवा, यांना त्यात पुरेसा वेळ दिला गेला आहे. तरीही महोत्सवांतून तो जिथे जिथे दाखवला गेला असेल तेथील हशा आणि मालेगावच्या खोलीतला हशा एक असणे शक्य नाही. बाहेरचा प्रेक्षक हसतो तो साधनांच्या तोकडेपणावर, आणि मग त्या हसण्याची थोडी लाज वाटून त्याचे कौतुकात रूपांतर करतो. 'किती निरागस!' हा त्या कौतुकाचा ठरलेला उद्गार. निरागसता हा गुण येथे आणून बसवणे म्हणजे या माणसांच्या विनोदबुद्धीचे श्रेय काढून घेणे होय. सायकलीवरचा डाकू हास्यास्पद दिसतो हे नासिरला ठाऊक नव्हते, असे समजायचे काय? तो हास्यास्पद दिसावा म्हणूनच तर सायकल आहे. साधन तोकडे आहे, हे जाणून त्या तोकडेपणालाच विनोदाचे साधन करणे ही कारागिरी आहे. आणि विणकरांच्या गावात कारागिरीचे नवल वाटू नये.

याची उलट बाजू मुंबईनेच पुरवली. २००७ साली राम गोपाल वर्मा यांनी 'शोले'ची गंभीर पुनर्निर्मिती 'राम गोपाल वर्मा की आग' या नावाने केली. पैसा होता, अमिताभ बच्चन गब्बरच्या जागी होते. चित्रपट सपशेल कोसळला, आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ कलाकृतीच्या हक्कांचा भंग झाल्याचे ठरवून दहा लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. न्यायालयापुढचा प्रश्न मालकीचा होता. चित्रपटाच्या अपयशाचे कारण मात्र मालकीत नाही. ज्याला 'शोले'च्या बरोबरीला बसायचे होते तो पडला. आपण बरोबरीचे नाही हे पहिल्याच दृश्यात सांगून जो मोकळा झाला, तो तरला.

नासिरच्या मागून मालेगावात असे चित्रपट काढणारे पुष्कळ झाले. गावाचे नाव आणि प्रसिद्ध हिंदी चित्रपटाचे नाव जोडायचे, ही रीतच पडली. पुढे व्हिडिओगृहे बसली आणि त्या कलाकारांतील काही जण खानदेशी विनोदी चित्रफितींकडे वळले. त्या आज भ्रमणध्वनीवर लाखोंनी पाहिल्या जातात. त्यांविषयी येथे विस्तार नको, कारण भ्रमणध्वनीवर एकट्याने पाहणे आणि खोलीत दाटीने बसून पाहणे यांतले अंतर हा स्वतंत्र विषय आहे. सुपरमॅन झालेला शफीक कर्करोगाने गेला. २०२४ साली रीमा कागती यांनी या मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट केला. आदर्श गौरव त्यात नासिर झाला आहे, विनीत कुमार सिंग फरोग आणि शशांक अरोरा शफीक. त्यात 'मालेगाव के शोले'ची दृश्ये पुन्हा उभी केली आहेत. व्यावसायिक नटांनी, निष्णात तंत्रज्ञांनी, बऱ्याच खर्चाने तो ओबडधोबडपणा हुबेहूब साधला आहे. नकलेची नक्कल करताना प्रथमच नासिरच्या चित्रपटाला 'मूळ' हा दर्जा मिळाला, ही गोष्ट विडंबनाच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे.

मूळ 'शोले'च्या बाबतीत हा शब्द वापरताना मात्र जपावे लागते. सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरने तो चालू दिला नाही आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असा शेवट जोडावा लागला. गाळलेला शेवट पुढे लोकांपर्यंत पोचला तो व्हिडिओच्या मार्गाने. म्हणजे चित्रपटगृहात एक 'शोले' आणि कॅसेटवर दुसरा, अशी स्थिती कित्येक वर्षे होती, आणि मालेगावच्या कॅसेटवर तिसरा. जून २०२५ मध्ये 'शोले'ची पुनरुज्जीवित प्रत, त्याच मूळ शेवटासह, इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात भर चौकात दाखवली गेली. जतनासाठी फिल्म हेरिटेज फाउंडेशनने वर्षानुवर्षे श्रम घेतले होते. निगेटिव्हचे अवशेष, जुन्या प्रती, ध्वनिपट्ट्या हुडकल्या होत्या.

'मालेगाव के शोले'ला निगेटिव्ह नाही. चुंबकीय फितीवर चित्रित झालेले दृश्य दुसऱ्या फितीवर उतरवताना थोडे फिकटते, तिसऱ्या फितीवर आणखी. रंग बाहेर सांडतात, कडा थरथरतात. फीत न वापरता ठेवली तरी दमट हवेत तिच्यावरचा लेप सुटू लागतो, बुरशी धरते, आणि ती चालवायला लागणारी यंत्रेही आता दुरुस्त होत नाहीत. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी, उर्दू किंवा माध्यमविभागाने मालेगावच्या घराघरांतून अशा कॅसेटी गोळा करून त्यांची संगणकीय प्रत करून घ्यायची म्हटली, तर त्या कामाला एखाद्या परिसंवादाइतकाच खर्च येईल. पुणे विद्यापीठाच्या कक्षेत नाशिक जिल्हा येतो, आणि जळगावचे विद्यापीठही मालेगावहून दूर नाही.